तो झाडूचा सीन कापला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन मालिकेचे १९९०-९१ चे दोन्ही सीझन महिन्याभरात झपाटल्यासारखे संपवले. लगेच २०१७ चा ‘द रिटर्न’ लावला आणि सातव्या भागाशी अडकले. एफबीआयचा एजंट कूपर परत येईल म्हणून बसलो, तर तो लास वेगासमध्ये हिरवा कोट घालून बधिर माणसासारखा फिरतोय. जुनं संगीत नाही, सीन संपत नाहीत, आणि सातव्या भागात तर एक माणूस दोन मिनिटं नुसता झाडू मारतो. ‘आपल्या मालिकांत पाणी घालतात तेच हे, फक्त इंग्रजीत. मला कळत नाहीये, की म्हातारपणी दिग्दर्शकाचा हात सुटलाय? पुढे बघू की सोडू?’ आणि जाता जाता एक: ‘मधला सिनेमा, ‘फायर वॉक विथ मी’, पाहिलेला नाही, चालेल ना?’

मी मराठी मालिकांचा एडिटर आहे. गोरेगावात एका बिनखिडकीच्या खोलीत बसून बरीच वर्षं हेच करतोय. पाणी कधी घालतात, कसं घालतात आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून तो आरोप आधी घेतो. तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. सीन फार लांब आहेत, ही एक. ज्याच्यासाठी बसलो तो माणूसच दाखवत नाहीत, ही दुसरी. पहिली एडिटची आहे, दुसरी लेखनाची. पहिलीबद्दल मी ठामपणे बोलेन. दुसरीचं उत्तर तुम्ही कसे प्रेक्षक आहात यावर बरंच अवलंबून आहे.

आमच्याकडे पाणी कसं पडतं ते सांगतो. डेली सोपचा शेवट ठरलेला नसतो. हाताशी चार-पाच एपिसोडची बँक असली तरी आम्ही स्वतःला नशीबवान समजतो. गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात आणि त्यामागोमाग चॅनेलचा फोन: सासूचा ट्रॅक चाललाय, वाढवा, लग्न पुढे ढकला. तिकडे घोडबंदरला सेटवर मंडप उभा असतो. मग लग्नाच्या जागी हळदच आठवडाभर चालते. दार उघडतं, कोणीतरी ‘थांबा!’ म्हणतं, आणि आम्ही घरातल्या सगळ्या माणसांचे चेहरे एकेक करून दाखवतो, मागे धडाम. मग तेच चेहरे पुन्हा, या वेळी झूम मारून. बावीस-एक मिनिटांच्या एपिसोडमधलं दीडेक मिनिट असं सहज निघतं. पुढे काय ते ठरलेलं नाही, किंवा पुढे जायची परवानगी नाही, म्हणून जागच्या जागी पाय आपटायचे; पाणी घालणं ते हे. आणि गंमत अशी की ते संथ दिसत नाही. कट भराभर पडतात, आवाज मोठा असतो, त्यामुळे काहीतरी घडतंय असा भास टिकून राहतो.

‘द रिटर्न’ची परिस्थिती याच्या बरोबर उलट होती. दिग्दर्शक डेव्हिड लिंच आणि सहलेखक मार्क फ्रॉस्ट यांनी ती एकच मोठी संहिता म्हणून लिहिली. सगळे भाग लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केले, एका लांबलचक सिनेमासारखं चित्रीकरण आधी उरकलं आणि मग एडिटवर त्याचे १८ भाग पाडले. सुरुवातीला ठरले होते नऊच. एप्रिल २०१५ मध्ये पैशांवरून बिनसलं, तेव्हा लिंच जाहीरपणे बाहेर पडले होते. महिन्याभरात परत आले ते स्वतःच्या अटींवर, आणि भागांची संख्या दुप्पट झाली. २१ मे २०१७ ला पहिले भाग दाखवले गेले तेव्हा कोणत्याही गुरुवारच्या आकड्याने त्यात फरक पडणार नव्हता. म्हणजे झाडूचा सीन टाइमलाइनवर होता तेव्हा एडिटरसमोर शेवटपर्यंतचं फुटेज पडलेलं होतं. कापायचा असता तर दहा सेकंदांचं काम. तो ठेवला आहे, आणि का ठेवला असेल ते विचारण्यात अर्थ आहे.

त्याआधी एक गोष्ट, रागावू नका. ‘ट्विन पीक्स’मध्ये खरोखरचं पाणी आहे, आणि ते तुम्ही विनातक्रार प्यायलात. जिच्या खुनापासून मालिका सुरू होते त्या लॉराला कोणी मारलं हे उघड करा म्हणून वाहिनीने तगादा लावला होता. त्याबद्दलची नाराजी लिंच पुढे आयुष्यभर बोलून दाखवत राहिले. १० नोव्हेंबर १९९० च्या भागात ते उघड झालं आणि त्यानंतर गाडी घसरली. जेम्स मोटरसायकलवर बसून गावाबाहेर जातो, एका श्रीमंत बाईची गाडी दुरुस्त करतो आणि तिच्या भानगडीत अडकतो, तो ट्रॅक आठवा. तो काढून टाकला तर कोणाचं काहीही बिघडत नाही. पण त्यात संवाद होते, संगीत होतं, कट वेळेवर पडत होते, म्हणून तो तुम्हाला खुपला नाही. झाडू खुपला. आम्हा एडिटर लोकांची पोळी याच फरकावर भाजली जाते.

आता तो झाडू जवळून बघू. गावातला बार, रोडहाउस, बंद व्हायची वेळ. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही. गिऱ्हाईक नाही. एक माणूस जमिनीवरचा कचरा ढकलत ढकलत एका ढिगाकडे आणतोय, बुकर टी अँड द एमजीजचं ‘ग्रीन अनियन्स’ वाजतंय. मागे बारजवळ मालक आपल्या कामात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही वाट बघता की आता कोणी येईल. मग चिडता. मग, मोबाइल हातात घेतला नसेल तर, डोळे त्या ढिगाकडे लागतात: राहिलेला कचरा गोळा करून होतोय का? नेमक्या या अवस्थेत फोन वाजतो. बारमागचा रेनो फोन उचलतो आणि दोन मिनिटांत कळतं की तो मुली पुरवतो, आणि त्या अल्पवयीन होत्या यावर पैशांची घासाघीस चाललीय. हा रेनो करणारा नट वॉल्टर ओल्केविच. जुन्या सीझनमधला जाक रेनोही त्यानेच केला होता. पंचवीस वर्षांपूर्वी लॉरा ज्या धंद्यात ओढली गेली, तो धंदा त्याच कुटुंबात, त्याच बारमध्ये, रोजच्या झाडलोटीच्या वेळी आरामात चाललाय.

मला हा सीन एडिटला दिला असता तर मी झाडूचे सहा सेकंद ठेवून थेट फोनवर गेलो असतो, आणि चॅनेलने पाठ थोपटली असती. पण मग तो फोन निव्वळ माहिती झाला असता. व्हिलन बोलतोय, हे लगेच कळलं असतं आणि लगेच विसरलंही गेलं असतं. आधी दोन मिनिटं तुम्हाला त्या जागेत बसवून ठेवल्यामुळे ते बोलणं तुम्ही प्रेक्षक म्हणून ऐकत नाही. शेवटचं गिऱ्हाईक अजून कोपऱ्यात बसलंय हे मालकाच्या लक्षात नाही, आणि तुमच्या कानावर ते पडतंय, असं होतं. लांबी खर्च झाली ती यासाठी.

पहिल्या भागातला न्यूयॉर्कचा काचेचा डबाही असाच. एका पोराला रिकाम्या डब्याकडे बघत बसायची नोकरी आहे. रोखलेले कॅमेरे, वेळ झाली की कार्ड बदलायचं, नोंद करून ठेवायची, पुन्हा बसायचं. लिंच यांनी तुमच्याच आरामखुर्चीसमोर आरसा धरलाय. आणि तो पोरगा मैत्रिणीच्या नादात बघायचं सोडतो, नेमकं तेव्हा डब्यात काहीतरी उमटतं. दिग्दर्शक पहिल्याच तासात सांगतोय की इथे लक्ष ठेवावं लागेल. हा माझा अर्थ आहे. तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आता. तुम्ही हे कशावर बघताय? डोंबिवली-सीएसटी लोकलमध्ये फोनवर, इअरफोनचा एक बोळा कानात ठेवून बघत असाल तर माझं सगळं म्हणणं फोल आहे. लांब शॉटमध्ये बघायचं असतं ते पाच इंची पडद्यावर दिसतच नाही, आणि गाडीत तर तुमचं अर्धं लक्ष कुर्ला आलं का याकडे. दुसरी गोष्ट वेग. तीस भाग महिन्याभरात म्हणजे रोज एक, कधी दोन. डोक्याला त्या तालाची सवय लागली आणि त्याच तालात तुम्ही हे लावलं. प्रसारणात हे आठवड्याला एक भाग असं मे अखेरीपासून ३ सप्टेंबरपर्यंत चाललं. दोन भाग एकदम मिळाले ते सुरुवातीला आणि शेवटी. मी ते त्या पावसाळ्यात बघितलं. दोन भागांच्या मध्ये सहा दिवस होते, त्यात माझं नेहमीचं काम, म्हणजे सासूसुनांचे चेहरे कापणं, चालू होतं. झाडूचा माणूस त्या सहा दिवसांत डोक्यात फिरत राहिला. लगेच पुढचा भाग लावला असता तर तो तिथल्या तिथे पुसला गेला असता.

तिसरं, तुमचं वय. ते विचारायचा मला अधिकार नाही, पण महिन्याभरात सगळं पाहिलंत म्हणजे तुमच्यासाठी कूपर तीस दिवसांपूर्वीचा आहे. ज्यांनी १९९१ च्या जूनमध्ये तो आरशावर डोकं आपटताना पाहिला आणि मग वाट बघितली, त्यांचं अर्धं आयुष्य मध्ये गेलं. त्यांच्यासाठी ‘द रिटर्न’मधली प्रत्येक सुरकुती हीच गोष्ट आहे. तुमच्यासाठी ती नुसती सुरकुती असेल, आणि तो काही दोष नव्हे.

आता दुसरी तक्रार, कूपर का देत नाहीत. आपल्याकडे एखादी मालिका परत आणायची तर पहिला प्रश्न असतो: लोकांना कोण आवडलं होतं? ‘रात्रीस खेळ चाले’चं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये ती सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. पण लोकांना हवे होते अण्णाच. मग २०१९ मध्ये दुसरा भाग काळाच्या मागे नेला, अण्णा जिवंत, शेवंता समोर, आणि सबंध महाराष्ट्र रात्री टीव्हीसमोर. धंद्याच्या दृष्टीने अचूक गणित होतं ते, आणि मी प्रेक्षक म्हणून त्याची मजा घेतली. प्रेक्षकाने जे हरवलं ते त्याला परत द्यायचं, जमलं तर थोडं जास्तच द्यायचं.

लिंच-फ्रॉस्ट यांच्याकडेही हा सोपा रस्ता होता. काइल मॅक्लाकलन तयार, काळा सूट तयार, कॉफी तयार. पहिल्या भागातच कूपर बाहेर आला असता, अंगठा दाखवून हसला असता, आणि पंचवीस वर्षं गेली हे केस पांढरे करून भागवता आलं असतं. आमच्याकडे लीप येतो तेव्हा असंच होतं: नायिकेला चष्मा, नायकाला कानाशी दोन रुपेरी केस, बाकी सगळं आहे तिथे. इथे त्यांनी लीप खरा मानला. इतकी वर्षं लाल पडद्यांच्या त्या खोलीत अडकलेला माणूस बाहेर आला तर तो सरळ चालू-बोलू शकेल का? नाही. त्याला पाणी कुठे प्यायचं, लघवी कुठे करायची हेही कोणीतरी दाखवावं लागतं. समोरच्याचे शेवटचे दोन शब्द परत म्हणतो, आणि लोक त्यालाच उत्तर समजतात. डगी या नावाने एका विमा कंपनीत तो नोकरी करतो आणि कोणालाही संशय येत नाही. यात मला तरी भरपूर विनोद दिसतो. मुंबईत नरीमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत किती ऑफिसांत असे डगी बसले असतील याचा हिशेब करा.

आणि त्यांनी तुम्हाला अगदीच उपाशी ठेवलेलं नाही. याच सातव्या भागात ऑफिसबाहेर भाडोत्री मारेकरी आइक बंदूक घेऊन धावून येतो तेव्हा डगीचा हात क्षणात फिरतो, बंदूक दाबली जाते, आणि दोन सेकंद तुमचा एजंट तिथे उभा असतो. मग पुन्हा विझतो. अशा जागा मोजत चला. कॉफीचा पहिला घोट ही एक होती. कूपर येतो का? येतो. कधी ते सांगणार नाही, फक्त एवढंच की आल्यावर तो ज्या वेगाने बोलतो त्याची किंमत आधीच्या सगळ्या तासांनी चुकवलेली आहे. मी त्या सीनला एकट्याने टाळ्या वाजवल्या.

माझ्यासारख्या माणसाला या सीझनमध्ये सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर डेट्सचा प्रश्न. कोणत्याही प्रॉडक्शनमध्ये रडगाणं हेच: अमका नट येत नाही, तमक्याने नाटकाचे प्रयोग घेतलेत, तिसरा आजारी. आम्ही काय करतो? एक तर दुसरा नट आणतो आणि पहिल्या दिवशी घरातल्यांच्या तोंडी त्याचं नाव उगाच पाच वेळा घालतो, नाही तर भिंतीवर हार घातलेला फोटो. इथे पंचवीस वर्षांचं अंतर, म्हणजे अडचणींचा डोंगर. बॉब झालेले फ्रँक सिल्वा १९९५ मध्ये गेले. मेजर ब्रिग्ज झालेले डॉन डेव्हिस २००८ मध्ये. मधल्या सिनेमात फिलिप जेफ्रीज झालेले डेव्हिड बोवी चित्रीकरणाच्या काळातच, जानेवारी २०१६ मध्ये. शेरीफ हॅरी ट्रुमन करणारे मायकेल ऑन्टकीन परत आले नाहीत. लाल खोलीत नाचणारा बुटका माणूस करणारे मायकेल अँडरसनही नाहीत.

एकाचीही जागा त्यांनी गुपचूप भरली नाही. हॅरी आजारी आहे, फोनच्या पलीकडे आहे, दिसत नाही. खुर्चीत त्याचा भाऊ बसलाय. बुटक्या माणसाच्या जागी एक बोलतं झाड आलं. जेफ्रीजचं काय केलंय ते तुम्ही पुढे बघालच, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसलो आणि मग गप्प झालो. म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजरच्या डोकेदुखीतून त्यांनी कथा काढली: या गावातून माणसं नाहीशी होतात आणि त्यांची जागा रिकामीच दिसत राहते.

आणि लॉग लेडी. पहिल्या भागातला तिचा पोलिसातल्या हॉकला आलेला फोन पुन्हा लावून बघा. कॅथरीन कूल्सन सप्टेंबर २०१५ मध्ये कर्करोगाने गेल्या, आणि त्यांचे सीन त्याच्या काही दिवस आधी घेतलेत. नाकात ऑक्सिजनची नळी, डोक्यावर विरळ केस, मांडीवर तो लाकडाचा ओंडका. हॉक बोलतो आणि गप्प होतो. त्या गप्प असण्यावर आम्ही एक सेकंदही ठेवला नसता, हॉकचं वाक्य संपायच्या आधीच तिच्या वाक्यावर कट मारला असता. इथे तिला श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ पूर्ण ठेवलाय. ओझं त्या श्वासाचं आहे, संवाद तर चार साध्या वाक्यांचा. याला कोणी पाणी म्हटलं तर मी भांडेन.

संगीत नाही, हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. आमच्या एडिटच्या खोलीत सीन दोन सेकंद उघडा पडला की मागून आवाज येतो, ‘खाली वाटतंय, बीजी टाका’, म्हणजे पार्श्वसंगीत. त्यामुळे बासरीपासून ढोलापर्यंत सगळं भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं असतं. जुन्या ‘ट्विन पीक्स’मध्येही अँजेलो बादालामेंटी यांचं संगीत जवळजवळ सतत वाजायचं, आणि आपल्या कानांना ते ओळखीचं वाटतं. इथे लिंच यांनी ते कुलपात ठेवलं. साउंड डिझाइन त्यांनी स्वतः केलं आणि जिथे बीजी हवं तिथे खोलीचा आवाज सोडला: घरघर, ट्यूबलाइटचा गुंजारव, वारा. ते ऐकू यायला शांतता लागते. मुंबईत ती रात्री बारानंतर मिळते, तीही शेजाऱ्यांच्या कृपेने. म्हणून हेडफोन लावा, दोन्ही कानांना.

कुलपाचा फायदा कुठे झाला ते तुम्ही पाहून झालंय, चौथ्या भागात. बॉबी आता पोलिसात आहे. खोलीत शिरतो, टेबलावर जुन्या केसचं सामान मांडलेलं, त्यात लॉराचा तो फोटो. आणि लॉराची जुनी धून सुरू होते. चार भाग ती रोखून धरली नसती तर तिथे त्या माणसाचं रडू हास्यास्पद वाटलं असतं.

आता माझ्या तक्रारी, नाही तर तुम्हाला वाटेल हा भक्त आहे. रोडहाउसच्या बाकड्यांवर बसून अनोळखी तरुण मुली न दिसलेल्या माणसांबद्दल बोलतात, आणि त्या परत कधी येतच नाहीत. असे सीन पुढे बरेच आहेत. एखाद-दुसरा गावाचा वास देतो, बाकीचे मला भरताड वाटतात. चौथ्या भागातला मोटरसायकलवाला वॉली मला पहिल्यांदाही आवडला नाही आणि नंतरही नाही. आणि बायकांचं काय? बायकोचा स्वभाव किरकिरा, मैत्रिणीला मारहाण, मुलगी धोक्यात. नेओमी वॉट्सने जेनी-ई इतकी झकास केली नसती तर हे फारच टोचलं असतं. लॉराच्या यातना हाच सगळ्याचा गाभा आहे हे खरं, पण म्हणून प्रत्येक हाणामारी माफ होत नाही. फ्रान्सच्या ‘काये द्यु सिनेमा’ या सिनेमासिकाने २०१७ च्या यादीत याला पहिलं स्थान दिलं होतं, त्या जोरावर कोणी तुम्हाला गप्प बसवू पाहिलं तर बसू नका. कंटाळा आला तर आला.

म्हातारपणी हात सुटला का, याचं उत्तर वर बहुतेक आलंय. २०१७ मध्ये लिंच एकाहत्तर वर्षांचे होते आणि दिग्दर्शन, लेखन, ध्वनी सांभाळून पडद्यावर बहिऱ्या गॉर्डन कोलचं कामही करत होते. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. हात सुटलेल्या माणसाचं काम कसं दिसतं ते मी बघितलंय: प्रत्येक सीनला तो तीन जास्तीचे अँगल घेऊन ठेवतो आणि निर्णय एडिटरवर ढकलतो. इथे नेमका उलटा प्रकार आहे, एकच अँगल आणि त्यावर ठाम.

राहिला मधल्या सिनेमाचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमची अर्धी अडचण तिथेच आहे. ‘फायर वॉक विथ मी’ न बघता पुढे जाऊ नका. १९९२ चा तो सिनेमा तेव्हा अनेकांना आवडला नव्हता, कारण त्यांनाही चेरी पाय आणि कॉफी हवी होती आणि मिळाले लॉराचे शेवटचे सात दिवस. ‘द रिटर्न’ दुसऱ्या सीझनइतकंच, कदाचित जास्तच, या सिनेमावर उभं आहे. हिरवी अंगठी, ब्लू रोझ, जेफ्रीज, वीज, सगळं तिथून येतं. तो न बघता सातव्या भागापर्यंत आलात म्हणजे निम्मे इशारे तुमच्या डोक्यावरून गेले असणार. सिनेमा बघताना तयारी ठेवा, घरातल्या अत्याचाराचं ते चित्रण सहन करायला अवघड आहे. जेवताना बघू नका.

सिनेमा झाला की आठवा भाग. तुम्ही नेमके त्याच्या उंबरठ्यावर थांबला आहात. एवढंच सांगतो की तो १६ जुलै १९४५ ला, न्यू मेक्सिकोत, जगातल्या पहिल्या अणुचाचणीपाशी जातो, आणि त्यानंतर बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीत. तो रात्री, मोठ्या पडद्यावर, दिवे बंद करून, एका बैठकीत. बघून झाल्या झाल्या इंटरनेटवर अर्थ शोधायला जाऊ नका. २५ जून २०१७ ला तो दाखवला गेला आणि पुढचा भाग आला ९ जुलैला. मध्ये एक आठवडा मोकळा होता. तुम्हीही तेवढा मोकळा सोडा. त्यानंतर आठवड्याला दोनपेक्षा जास्त नको. शेवटचे दोन भाग मात्र एका रात्री लागोपाठ, कारण ३ सप्टेंबरला ते तसेच दाखवले होते. सतरावा तुम्हाला एखाद्या महाएपिसोडसारखा हवं ते सगळं हातात ठेवतो आणि लगेच अठरावा सुरू होतो. त्यात रात्रीच्या रस्त्यावर एक गाडी फार वेळ चालत राहते. मी तिचे तीन शॉट ठेवले असते आणि सीन मेला असता.

सोडायचंच असेल तर अकराव्या भागाआधी सोडू नका. त्यात वाळवंटात दोन गुंड भाऊ डगीची वाट बघत उभे आहेत, डगीच्या हातात एक खोका आहे, आणि सीन तुम्हाला सवय झालीय तेवढाच लांब आहे. तो बघून हसूही आलं नाही आणि भीतीही वाटली नाही तर खुशाल बंद करा, उरलेले सात भाग तुमच्यासाठी नाहीत. हसलात, तर अठरावा संपल्यावर इथेच लिहा. त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांवरून माझं आणि माझ्या असिस्टंटचं अजून भांडण चालू आहे, तिसरा माणूस लागेलच.